खोकल्याचं बरोबर उत्तर

अहमदपूरच्या स्टँडवर लातूर-नांदेड गाडी दहा-पंधरा मिनिटं थांबायची. कंडक्टर चहाला उतरायचा आणि मी आक्काची उजळणी घ्यायचो.

"ताप?"

"न्हाई."

"जुलाब?"

"न्हाई."

"अंगावर पुरळ, खाज?"

"न्हाई."

"खोकला?"

"हाय की. जिना चढला की लई येतो, कोरडाच..."

"आक्का."

"बरं बाबा. धुरळ्याचा हाय. घराला लागून डाळ मिल हाय, दिवसभर भुसा उडतो. दरसालचाच खोकला."

"शाब्बास."

"शाब्बास काय म्हणतो मुडद्या? मी काय तुझ्या नीटच्या परीक्षेला बसलेय का?"

मागच्या सीटवरची बाई हसली. मीही हसलो. आता लिहिताना आठवतंय की आक्का हसली नव्हती. ती खिडकीबाहेर बघत पदरात खोकत होती.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, अकरा वर्षांनी मोठी. मी लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. अकरावी-बारावीला मी तिच्याकडेच राहिलो. डाळ मिलला लागून दोन खोल्या होत्या. दाजी त्या मिलमध्येच कामाला. मी पाठांतर करायचो आणि ती भाकरी थापता थापता पुस्तक धरून मला प्रश्न विचारायची. तिचं शिक्षण चौथी. उत्तर चुकलं की तिला कळायचं, कारण मी अडखळायचो.

तिच्या मानेत गाठी आल्या त्या आम्ही टॉन्सिलच्या समजलो. तपासल्यावर लिम्फोमा निघाला, हळू वाढणाऱ्या जातीचा. असा कॅन्सर सावकाश चालतो, औषधानं दबतो, पुन्हा डोकं वर काढतो, हे मी वर्गात सांगत आलो होतो. घरात तो कसा असतो ते माहीत नव्हतं. डॉक्टरांनी आधी बराच काळ नुसतं लक्ष ठेवलं. मग नेहमीचं औषध दिलं. गाठी गेल्या, परत आल्या. तेव्हा लातूरच्या डॉक्टरांनी नांदेडच्या एका दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. तिथं नव्या इलाजाची चाचणी चालू होती.

चाचणीच्या मॅडम डॉक्टर बारीक अंगाच्या, बोलायला सावकाश. पहिल्या दिवशी त्यांनी मराठीत छापलेला संमतीचा कागद पान न पान वाचून दाखवला. दोन औषधं होती, दोन्ही सलाईनमधून. एक त्या बिघडलेल्या पेशींवर खूण करणारं. दुसरं अंगातल्या राखणदार पेशींना चेव आणणारं. दोन्ही वेगवेगळी वापरून झाली होती. आता दोन्ही सोबत दिली तर गाठी जास्त हटतात का आणि अंगाला ती झेपतात का, हे बघायचं होतं.

"राखण्या कुत्र्याला चेव आणला ना, की तो कधी कधी घरच्यांनाच चावतो," मॅडम आक्काला म्हणाल्या. "तुमच्या फुप्फुसाला चावेल, आतड्याला चावेल, कातडीला चावेल. म्हणून खोकला, दम, जुलाब, पुरळ, काहीही झालं तरी लगेच सांगायचं. साधं वाटलं तरी."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, इथं परीक्षा औषधाची आहे, पेशंटची नाही. एवढं यांना समजावून द्या."

मी मान हलवली. मला सगळं समजलं होतं. न समजता केलं असतं तर आज हे लिहायला बसलो नसतो.

प्रत्येक पेशंटला घरी भरायची एक वही दिली होती. रोजची ओळ, पुढं खाने: ताप, खोकला, दम, जुलाब, पुरळ. हो किंवा नाही, एवढीच खूण करायची. आक्काला अक्षरं बारीक वाटायची म्हणून वही मी भरायला लागलो. तिसऱ्या सलाईननंतर तिच्या मानेवरच्या गाठी हाताला लागेनाशा झाल्या. ती आरशापुढं उभी राहून मान वळवून बघायची आणि म्हणायची, "गेली की रे! गेली बग!" दाजींनी मिलमध्ये पेढे वाटले.

चौथ्या सलाईननंतर कोरडा खोकला सुरू झाला.

कागदात लिहिलं होतं की फुप्फुसाला सूज आली तर औषध थांबवलं जाईल. मी ते वाक्य वाचलं होतं, त्याखाली रेघही मारली होती. वही उघडली, खोकल्याच्या खान्याशी आलो आणि 'नाही'वर खूण केली. पुढच्या दिवशीही तीच. नंतर नंतर तर आठ-आठ दिवसांच्या खुणा बसमध्ये बसून एका दमात करायला लागलो.

हे मला कुठून सुचलं, याचा विचार मी बराच केला आहे. एक म्हणजे भूकंप. आमचं गाव औसा तालुक्यातलं. किल्लारीकडच्या गावांसारखं आमचं गाव जमीनदोस्त झालं नव्हतं, पण भिंती उलल्या होत्या. पाहणीवाले कागद घेऊन दारात आले तेव्हा आक्का माहेरी आली होती. त्यांनी विचारलं, ही भेग भूकंपाची का? आक्का म्हणाली, न्हाई, ही तर दोन पावसाळ्यांमागची हाय, भूकंपाची ती तिकडली. त्यांनी तसं लिहून घेतलं. गल्लीतल्या बाकीच्यांना नवी घरं मिळाली, आम्हाला डागडुजीवर ठेवलं. वडील तिच्याशी महिनाभर बोलले नाहीत. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. कागद घेऊन कुणी दारात आलं की खरं उत्तर वेगळं आणि बरोबर उत्तर वेगळं, हे त्या दिवशी मी शिकलो.

दुसरं म्हणजे माझा धंदा. भूकंपानंतरच्या वर्षांत लातूरमध्ये क्लासेस असे उगवले की गल्ल्यांची नावं क्लासवरून पडली. बाहेरगावची पोरं खोल्या करून राहायला लागली. आमची पद्धत एकच, सगळा महाराष्ट्र तिला लातूर पॅटर्न म्हणतो: प्रश्न आधी गोळा करायचे, उत्तरं घोटून घ्यायची, पुन्हा पुन्हा सराव, पोरगं झोपेतही बरोबर पर्याय सांगेल इतका. मी त्यात वाकबगार होतो. मॅडम प्रत्येक भेटीत काय काय विचारतात, हे दोन भेटींत माझ्या लक्षात आलं. खोकला सुरू झाला तशी आक्काची तयारी सुरू झाली: वहीत खोकला नाही, आणि मॅडमच्या कानावर पडलाच तर तो दरसालचा, धुरळ्याचा.

इथपर्यंतचं मी माफ करू शकलो असतो स्वतःला. बहिणीसाठी केलं, म्हणता आलं असतं.

दवाखान्यात सलाईनच्या खोलीबाहेर बाकडं होतं. तिथं इस्लापूरचे एक मामा भेटायचे. तेही याच चाचणीत, आक्काच्या मागोमाग आलेले. सहस्रकुंडाच्या बाजूला त्यांची थोडी शेती. हिमायतनगर, भोकर करत यायचे, कधी मामी सोबत असायच्या, कधी एकटे. पांढरा सदरा, डोक्याला रुमाल, बोलायला मोकळे. बाकड्यावर आमची उजळणी चालली होती आणि ते ऐकत होते.

"सर, हे काय घोकून घेऊन राहिले आक्काकडून?"

मी वही मिटली. आक्कानं सांगून टाकलं. "मॅडम इचारतात ना, त्याचे जवाब. खोकला म्हटलं की अवशिद बंद करतेत."

मामा सरकून जवळ आले. "मला बी हाय खोकला. पंधरा दिवस झाले. म्हटलं आज सांगावं."

"गाठी?" मी विचारलं.

"काखेतली तर पार बसली. हात वर जाऊन राहिला बघा." त्यांनी हात वर करून दाखवला. "सर, मला बी सांगा की काय सांगू ते. माझ्या घराजवळ डाळ मिल न्हाई ना."

या जागी मी दर वेळी थांबतो. तेव्हा मला काय वाटलं ते आता लिहून टाकतो. मला बरं वाटलं. पन्नाशीतला माणूस शिष्यासारखा माझ्याकडे बघत होता आणि मला एक अवघड प्रश्न मिळाला होता.

"बिडी ओढता?"

"सोडली. दोन वर्सं झाली. बायकोनं देवापुढं शपथ घ्यायला लावली."

"मग सांगायचं, मधूनमधून परत सुरू झाली. बिडीचा खोकला आहे. मॅडम रागावतील, रागावू द्या."

"आन् बायकोला कळलं तर?"

"घरी कशाला सांगता? त्या बोलताबोलता मॅडमपुढं बोलून जातील."

मामा मोठ्यानं हसले, त्यातच त्यांना ठसका लागला. आक्का म्हणाली, "आरं, हे काई बराबर न्हाई." मी तिला म्हणालो, तू तुझं बघ.

मामा आत गेले. बाहेर मॅडमचा आवाज ऐकू आला, "या वयात बिडी? लाज वाटत नाही?" बाहेर येताना मामांनी मला डोळा मारला.

त्यांनी त्या दिवशी सलाईन घेतलं. तीन आठवड्यांनी पुढचंही घेतलं.

त्यानंतरच्या भेटीला आम्ही बाकड्यावर बसलो होतो, वही माझ्या मांडीवर. मामांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. ओठ काळेनिळे, छाती लोहाराच्या भात्यासारखी. मागे मामी, पायात चप्पल नाही. मॅडम धावत आल्या, तोंडावर ऑक्सिजन लावला आणि मामींना विचारलं, "बिडी किती ओढतात रोज?"

"बिडी?" मामी म्हणाल्या. "बिडी कवाच सोडली त्यांनी. हात लावत न्हाईत."

"त्यांनीच सांगितलंय मला. दोन वेळा. परत सुरू केली म्हणून."

मामी वळल्या. सगळ्यांसमोर, खुर्चीतल्या माणसावर ओरडल्या, "चोरून वढून राहिले व्हय? देवापुढं शपथ घेतली आन् चोरून? मला तोंडावर खोटं?" त्यांचा आवाज फाटला. मामांना बोलता येत नव्हतं. त्यांनी मास्कआडून मान हलवली, नाही, नाही. मग मामींच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं.

मी मांडीवरच्या वहीत बघितलं.

त्यांना आत नेलं. आक्काची पाळी आली, तिनं धुरळ्याचं उत्तर दिलं, तिचं सलाईन झालं. परतीच्या गाडीत लोह्यापर्यंत ती पदरात खोकत राहिली. मग म्हणाली, "फोन लाव. सांग मॅडमला."

"तुझं औषध बंद होईल."

"झालं तर झालं."

"गाठी परत येतील, आक्का."

"यीनात का. त्या माणसाचा जीव चाललाय, आन् तू माज्या गाठी मोजतो?"

मी म्हणालो, उद्या लावतो. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सराव परीक्षा होती. तिसऱ्या दिवशी पेपर तपासायचे होते. हे कारण नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी आक्का जिना चढून क्लासमध्ये आली. धापा टाकत, खोकत, पोरांच्या देखत दारात उभी राहिली. मी बाहेर जाऊन फोन लावला.

आक्काचं सगळं सांगितलं. वही खोटी आहे, खोकला इतक्या दिवसांचा आहे. मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही. नंतर म्हणाल्या, "आजच्या आज घेऊन या." मग त्यांनी विचारलं, "आणि इस्लापूरचे पेशंट? बाकड्यावर तुम्ही सोबत असायचात. दोन दिवस मी त्यांना जंतुसंसर्ग धरून औषधं देत होते, आज स्कॅन बघून बदलली. खोकला नेमका कधीपासून होता, त्यांनी तुम्हाला काही सांगितलं होतं?"

मी म्हणालो, "नाही मॅडम. माझी नुसती तोंडओळख."

आक्काच्या फुप्फुसाला सूज होती, पण सुरुवातीची. चाचणीतून तिला काढलं, सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या, दोन महिन्यांत ती जिना चढायला लागली. ज्या गाठींसाठी मी हे सगळं केलं त्या औषध बंद करूनही परत आल्या नाहीत. आजतागायत नाहीत. मॅडम म्हणाल्या, काही जणांत असं होतं, का होतं ते अजून शोधतोय. मग एवढंच म्हणाल्या, "तुम्ही भरलेली पानं खरी धरून आम्ही पुढच्या पेशंटचं औषध वाढवणार होतो, सर. कागद तयार होता." मला त्यांनी कधी शिक्षा केली नाही, शब्दही वाकडा बोलल्या नाहीत. नंतर कधी त्यांनी मला सर म्हटलं नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

मामा महिनाभरानं ऑक्सिजनचं मशीन घेऊन गावी गेले. वर्ष भरायच्या आत वारले. खोकला पहिल्या दिवशीच सांगितला असता तर वाचले असते का, हे मी मॅडमना पुढं एकदा आडवळणानं विचारलं. "सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. मी त्या उत्तराच्या आडोशाला बरीच वर्षं बसून काढली.

त्या आडोशातून मला आक्कानं उठवलं. तपासणीला गेल्यावर चाचणीची वही सांभाळणाऱ्या सिस्टरनं तिला बोलता बोलता सांगितलं की मामा वारल्यावर मामी ऑक्सिजनचं मशीन परत करायला आल्या होत्या, तेव्हा रडत होत्या. बिडीनं माझा माणूस खाल्ला म्हणाल्या. गावात पानपट्टीवर जाऊन भांडल्या होत्या, कुणी दिली यांना बिडी म्हणून. चारचौघांत मामांना खोटारडा म्हणाल्या होत्या. शेवटचे कितीतरी दिवस त्यांच्याशी नीट बोलल्याही नव्हत्या.

आक्कानं घरी येऊन मला हे सांगितलं आणि म्हणाली, "तू जातो का मी जाऊ?"

मी जातो म्हणालो. गेलो नाही. दर तपासणीला ती विचारायची, मी सुट्टीत जातो म्हणायचो. गेल्या उन्हाळ्यात एक दिवस ती पिशवी भरून, नवं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली दिसली. "कुठं?" "इस्लापूरला. तू राह्य. तुला पोरं शिकवायची असतील." मी तिच्या हातातली पिशवी घेतली, तिला घरात बसवलं आणि एकटा निघालो.

मामींनी मला लगेच ओळखलं. "लातूरचे सर ना तुम्ही? या, या. आक्का कशी हाय? हाय ना?" आक्का ठणठणीत आहे म्हटल्यावर त्यांनी हात जोडले, खरंच आनंदानं. सुनेला म्हणाल्या, "पाणी आण, चहा टाक. यांच्या आक्का आन् तुझे सासरे एकाच अवशिदावर व्हते. बिचारी वाचली. पथ्यानं राहिली आसंल."

पाणी घ्यायच्या आधी मी बोललो. आधी ठरवलेलं एकही वाक्य आलं नाही. "मामी, मामांनी बिडी ओढली नव्हती."

सून पाणी घेऊन आली, मामींनी तिला हातानं थांबवलं.

"मॅडमना तसं सांगा, हे मी शिकवलं. खोकला औषधाचा होता. औषध बंद होऊ नये म्हणून बिडीचं नाव सांगायला मी लावलं."

"मंग मला का सांगितलं न्हाई त्यांनी?"

"तेही मीच. घरी सांगू नका म्हणालो होतो."

मग त्यांनी हिशेबानं एकेक विचारलं. कुठं बसले होते? कोण होतं सोबत? ते काय म्हणाले? हसले का? मी हसले म्हणालो, तेव्हा त्यांनी डोळ्याला पदर लावला. "शेवटी शेवटी मशीन काढून म्हणायचे, न्हाई वढली, तुझी आण. मी म्हणायची, गप ऱ्हावा, डाक्तरणीनं सांगितलंय मला."

मी त्यांच्या पायाकडे वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"हे मला एकटीला सांगून काय करता?" त्या उठल्या. "मी त्यांना चारचौघांत बोलले हाय. चला."

पानपट्टी देवळासमोरच होती. ऊन उतरलं होतं, सात-आठ माणसं टेकली होती. मामींनी पानपट्टीवाल्याला हाक मारली, पत्ते खेळणाऱ्यांना पत्ते ठेवायला लावले, पलीकडच्या घरातून मामांच्या थोरल्या भावाला बोलावून आणलं. ते काठी टेकत येऊन बसले. "हे लातूरचे सर हायत," मामी सगळ्यांना म्हणाल्या. "त्यांना काई सांगायचंय."

पंचवीसेक वर्षं मी भरलेल्या वर्गापुढं उभा राहिलो आहे. तिथं खाली बघून मी सांगितलं, जेमतेम ऐकू येईल असं. पानपट्टीवाला मला न बघता मामींकडे बघत होता.

मी थांबलो तेव्हा मामी म्हणाल्या, "भावजींना ऐकायला कमी येतं. मोठ्यानं सांगा. आन् वर बघून."

मी वर बघितलं. म्हाताऱ्यानं कानामागं हात धरला होता.

"तुमच्या भावानं बिडी ओढली नव्हती," मी मोठ्यानं म्हणालो. "खोटं बोलायला मी शिकवलं होतं."